भरणीचा युरिया आणि विहिरीचे पाणी

जुलै महिन्यात पाऊस लागून राहिला की मुरगूड भागातून एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, भरणीला युरिया सढळ हाताने टाकला होता. पंधरा दिवस ऊस काळाभोर दिसला आणि आता पिवळा पडायला लागलाय. पाऊस उघडला की आणखी दोन पोती टाकू का?" प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी मातीतल्या पाण्यात काय चालले आहे ते पाहावे लागते. याच पाण्याचा काही भाग पुढे रानातल्या विहिरीत उतरतो आणि वस्तीवरची माणसे तो पितात. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजावून घेणे इष्ट ठरेल.

मुरगूड परिसरातील जमीन एकसारखी नाही. वेदगंगेच्या काठाला खोल काळी मळीची राने आहेत. नदीपासून वर सरकावे तशी जमीन मध्यम काळी आणि पुढे माळाला मुरमाड, हलकी होत जाते. भुदरगडच्या बाजूला गेल्यास माती तांबूस दिसू लागते. पाऊसही असाच बदलतो. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर घाटमाथ्याला गगनबावड्यात तो पाच हजारांच्या वर जातो. मुरगूड या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. पावसाळा संपला की पाटगाव धरणाचे पाणी आणि वेदगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेतच. थोडक्यात, या भागातील उसाच्या रानातून बाराही महिने पाणी फिरत असते आणि पाण्याबरोबर नत्रही फिरते.

मातीत गेल्यावर युरियाचे काय होते?

युरियात ४६ टक्के नत्र असते, परंतु पीक त्याचा बहुतांश उपयोग रूप बदलल्यावरच करते. ओल्या मातीत पडलेला युरिया युरिएज या विकरामुळे दोन-चार दिवसांत अमोनियम स्वरूपात येतो. अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यामुळे हे नत्र मातीच्या कणांना धरून राहते. पाऊस पडला तरी ते सहसा हलत नाही.

पुढची पायरी मात्र वेगळी आहे. हवा खेळती असलेल्या जमिनीत नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर हे जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. उबदार हवामानात हे काम दोन-तीन आठवड्यांत बरेचसे उरकते. नायट्रेटवर ऋण भार असतो. मातीचा कणही ऋण आणि नायट्रेटही ऋण, तेव्हा माती त्याला धरीत नाही. चहात साखर विरघळावी तसे ते मातीतल्या पाण्यात विरघळून राहते. पाणी मुळाकडे गेले की नायट्रेट मुळाकडे जाते आणि पाणी खाली झिरपले की तेही खाली जाते. ऊस पंधरा दिवस काळाभोर दिसतो आणि नंतर पिवळा पडतो, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

दुसरे कारण काठाच्या भारी जमिनीत आढळते. सरीत आठ-दहा दिवस पाणी तुंबले की मुळांना व जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायुरूपाने हवेत निघून जाते. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरात पाण्याखाली राहिलेल्या उसाच्या रानात हे दोन्ही प्रकार घडले असणार. अशा रानात मुळेच गुदमरलेली असतात. पाणी ओसरल्याबरोबर युरिया फेकला तर तो घ्यायला पीक तयार नसते. आधी चर काढून पाणी बाहेर काढावे, वाफसा येऊ द्यावा, पांढरी मुळी सुटलेली दिसली की मगच हप्ता द्यावा.

नायट्रेट एकटे जात नाही

मातीतले पाणी म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड असे अनेक क्षार विरघळलेले असतात आणि त्यांतील धन व ऋण भारांची बेरीज नेहमी जुळावी लागते. म्हणून नायट्रेट खाली जाताना सोबत एखादा धन भाराचा जोडीदार घेऊनच जाते. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत हा जोडीदार बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियम असतो. विहिरीचे पाणी जड होण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असू शकते.

तांबड्या जमिनीत अडचण अधिक गंभीर आहे. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. ते नायट्रेट पिकाने घेतले तर आम्लाची बरीचशी भरपाई होते, परंतु नायट्रेट झिरपून गेले तर आम्ल मात्र मागे राहते. युरियातील एक किलो नत्र पूर्णपणे अशा रीतीने गेले तर त्याचे आम्ल मोडण्यास हिशेबाने सुमारे साडेतीन किलो शुद्ध चुना-दगडाची भुकटी लागते. काळ्या रानात चुनखडीचा साठा असल्याने हे जाणवत नाही. भुदरगड, राधानगरी, चंदगड भागातील जास्त पावसाच्या तांबड्या जमिनी मुळातच आम्लधर्मी आहेत आणि त्यांना हा खर्च परवडणारा नाही. तेथे माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की नत्र, स्फुरद, पालाश पाहून कागद बाजूला ठेवू नये, सामू किती आहे तेही पाहावे.

किती पावसात किती खोल?

नायट्रेट किती खाली जाते याचा ढोबळ अंदाज शेतकऱ्यालाही काढता येतो. वाफशावर आलेल्या काळ्या जमिनीच्या दर दहा सेंटिमीटर थरात सुमारे ३५ मिलिमीटर पाणी मावते. त्यावर आणखी ३५ मिलिमीटर पाणी मुरले तर जुने पाणी साधारण दहा सेंटिमीटर खाली ढकलले जाते आणि त्यातले नायट्रेटही तेवढे उतरते. म्हणजे २१० मिलिमीटर जादा पाणी मुरले की वरचे नायट्रेट दोन फूट खाली गेले असे समजावे. उसाची बहुतेक कामाची मुळे याच दोन फुटांत असतात. मुरमाड जमिनीत दहा सेंटिमीटरला १५ ते २० मिलिमीटरच पाणी मावते, त्यामुळे तेथे हीच मजल निम्म्या पाण्यात गाठली जाते. येथे जादा पाणी म्हणजे पडलेला सगळा पाऊस नव्हे. वाहून गेलेले व हवेत उडालेले पाणी वजा जाता जमिनीत मुरलेले, तेही जमीन आधीच वाफशावर असताना मुरलेले, एवढेच पाणी धरावे.

काळ्या जमिनीचा एक अपवाद लक्षात ठेवावा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगाळलेल्या रानात खत टाकून वर भरपूर पाणी सोडले तर पाणी थराथराने न उतरता भेगेतून सरळ खाली जाते आणि खतालाही नेते. अशा वेळी आधी हलके पाणी देऊन भेगा मिटू द्याव्यात आणि वाफशावर खत द्यावे.

पाटपाण्याची गोष्टही वेगळी नाही. पाळी लांबणार या भीतीने मोटार रात्रभर चालू ठेवणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. समजा रानाला ७० मिलिमीटर पाण्याची गरज होती आणि १२० मिलिमीटर दिले, तर उरलेले ५० मिलिमीटर मुळांच्या खाली गेले. वीजही गेली आणि खतही गेले. पिकाला मिळणाऱ्या नत्राचा वाटा जमिनीप्रमाणे व काळजीप्रमाणे कमीजास्त होतो, परंतु पाटपाण्यावरच्या उसात टाकलेल्या नत्राचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच भाग पिकाच्या पदरी पडतो असे गृहीत धरणे चुकीचे होणार नाही.

जंगल नत्र कसे राखते?

वेदगंगेच्या उगमाकडे, भुदरगडच्या डोंगरात, किंवा शेजारच्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात उसापेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळतो. तेथे कोणी खत टाकीत नाही आणि तरी जंगल हिरवेगार असते. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची मुळे बारा महिने जिवंत असतात. गळलेल्या पानांचा थर कुजताना त्यातील जिवाणू व बुरशी मोकळे झालेले नत्र आपल्या शरीरात साठवतात. पानातून सुटलेले नत्र नायट्रेट होऊन निसटण्याआधी कोणीतरी ते उचललेले असते.

या गोष्टीचा सर्वांत बारकाईने अभ्यास थंड देशांतील जंगलांत झाला आहे. तेथे बीच नावाचा पानझडी वृक्ष आहे. जर्मनीतील सोलिंग येथील बीचच्या जंगलात १९६० नंतरच्या दशकापासून मातीतले पाणी तपासले जात आहे. जमिनीत सच्छिद्र चिनी मातीची पोकळ नळी पुरतात, तिच्यातील हवा ओढून घेतात आणि मातीतले पाणी तिच्यात थेंबथेंब जमू देतात. त्या पाण्यात नायट्रेट, कॅल्शियम, ॲल्युमिनियम किती आहे हे वर्षानुवर्षे मोजले की मुळांच्या खालून काय निसटते ते कळते. युरोपात मोटारी, कारखाने व गोठे यांतून निघालेले नत्र हवेतून जंगलावर पडते. हे प्रमाण वर्षाला हेक्टरी दहा किलोच्या आत असेल तर जंगलातून नायट्रेट फारसे गळत नाही आणि पंचवीस किलोच्या वर गेले की हमखास गळते, असे तेथील अनेक जंगलांच्या पाहणीतून दिसून आले. म्हणजे बारमाही मुळांच्या जंगलालाही पचविण्याची मर्यादा आहे. आपण उसाला हेक्टरी अडीचशे ते चारशे किलो नत्र देतो. अर्थात ही तुलना सरसकट करू नये, कारण ऊस कारखान्याला जाताना बरेच नत्र घेऊन जातो आणि जंगलातले लाकूड जागेवरच राहते.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक येथील प्रयोग तर अधिक बोलका आहे. तेथे बीच, मॅपल व बर्च वृक्षांच्या एका लहान पाणलोटातील सर्व झाडे १९६५ साली तोडली. लाकूड उचलले नाही, जागेवरच पडू दिले आणि पुढील तीन वर्षे तणनाशक फवारून काहीही उगवू दिले नाही. खताचा एक कणही टाकलेला नव्हता. तरीही ओढ्यातील नायट्रेट अनेक पटींनी वाढून पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर गेले आणि त्याबरोबर कॅल्शियमही वाहून गेले. नत्र त्या मातीतच होते, मुळे गेल्यावर ते मोकळे झाले एवढेच.

आपल्याकडे असे दरवर्षी घडते. उन्हाळाभर तापलेल्या उघड्या रानावर मृगाचा पाऊस पडतो, झोपलेले जिवाणू एकदम जागे होतात आणि सेंद्रिय पदार्थातील नत्राचे पहिल्या काही दिवसांत भराभर नायट्रेट होते. त्या वेळी रानात पीक नसेल तर जुलैचा पाऊस ते खाली ढकलतो. वेळेवर पेरलेले सोयाबीन, भुईमूग किंवा आडसाली लागणीपूर्वी घेतलेला ताग वा धैंचा यातले बरेचसे नत्र उचलून धरतो. ताग गाडायला परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी या बाजूचाही हिशेब करून पाहावा.

उसाचे पाचट न जाळण्याची शिफारसही इथेच येऊन मिळते. खोडव्यात पाचट ठेवून एक टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरावेत. पाचट कुजविताना जिवाणू नत्र तात्पुरते धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. जंगलातला पालापाचोळा हेच करतो.

विहिरीचा हिशेब

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. यात नत्राचा भाग सुमारे १० मिलिग्रॅम भरतो. आता एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाणी म्हणजे १० लाख लिटर. एवढे पाणी मुळांखाली जाताना जर १० किलो नत्र घेऊन गेले, तर ते पाणी बरोबर या मर्यादेवर आले. दहा किलो नत्र म्हणजे साधारण २२ किलो युरिया. एकराला धरले तर तो नऊ किलोही भरत नाही. नऊ किलो युरिया गेल्याने ऊस पिवळा पडत नाही, टनेज घटत नाही, कोणाला समजतही नाही. पाणी मात्र तेवढ्याने मर्यादेला पोहोचते. सुरू उसाच्या भरणीला दिलेल्या १०० किलो नत्रापैकी समजा निम्मे, ३०० मिलिमीटर पाण्याबरोबर खाली गेले, तर त्या झिरपलेल्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट होईल. विहिरीत ते इतर पाण्यात मिसळते, काही नत्र वाटेत वायुरूपानेही जाते, त्यामुळे विहिरीत आकडा नेमका हाच येईल असे नाही.

सगळा दोष युरियाला देणेही बरोबर नाही. विहिरीजवळचा उकिरडा, गोठ्याचे मूत्र, शौचालयाचा शोषखड्डा यांतूनही नायट्रेट उतरते. वस्तीवरच्या विहिरीत बहुधा दोन्हींचा हिस्सा असतो.

सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतील बाळाला असतो. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते आणि बाळ निळसर दिसू लागते. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतील डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ साली दाखवून दिला. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती फारशी नसते. डब्याची दूध पावडर अशा विहिरीच्या पाण्यात कालवून पाजली तर धोका होतो. घरातील आजी पाणी उकळून घ्यायला सांगते. जंतूंसाठी तो सल्ला योग्यच आहे, परंतु उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरनेही ते जात नाही. अशा बाळासाठी तपासलेले दुसरे पाणीच वापरावे, आणि बाळाचे ओठ वा नखे निळसर दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

खताचे वेळापत्रक कुठे चुकते?

सुरू उसास हेक्टरी २५०, पूर्वहंगामीस ३४० व आडसालीस ४०० किलो नत्राची सर्वसाधारण शिफारस आहे. को ८६०३२ सारख्या जातीस ती याहून जास्त आहे. हे नत्र चार हप्त्यांत द्यावयाचे असते. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे आपल्या भरणीला, ४० टक्के.

आता हे वेळापत्रक मुरगूडच्या पावसाशेजारी ठेवून पाहा. पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि भरणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये उरकते. पुढे पाऊस येईपर्यंत पिकाला नत्र उचलायला दोन महिने मिळतात. आडसाली जुलै-ऑगस्टात लागतो. त्याचा लागणीचा हप्ता लहान असतो आणि चाळीस टक्क्यांचा हप्ता पाऊस ओसरताना येतो. अडचण सुरू उसाची आहे. जानेवारी-फेब्रुवारीतील लागणीची भरणी मे अखेर ते जूनमध्ये येते. लागण मार्चपर्यंत लांबली की ४० टक्के नत्राचा हप्ता नेमका धुवाधार पावसाच्या तोंडी पडतो. कारखान्याला ऊस उशिरा गेला, रान उशिरा मोकळे झाले, मजूर मिळाले नाहीत, ही कारणे खरीच आहेत. तरीसुद्धा या भागात सुरू उसाची लागण फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी उरकण्याचा आग्रह धरावा आणि भरणी मृगाआधी संपवावी असे आमचे स्पष्ट मत आहे. ते जमले नाहीच तर भरणीचा सर्व युरिया एकदम न देता निम्मा द्यावा. उरलेला पावसाची उघडीप व वाफसा पाहून सरीत मातीआड करावा. उंच उसात शिरणे त्रासाचे असते हे मान्य आहे, परंतु चार-पाच पोती ओढ्याला घालण्यापेक्षा ते बरे.

खोडव्यास पहारीने खत देण्याच्या पद्धतीत पहिला हप्ता पंधरा दिवसांनी व दुसरा १३५ दिवसांनी येतो. जानेवारीत तुटलेल्या उसाचा दुसरा हप्ता मे-जूनमध्ये पडतो, तेव्हा तोही पावसाआधी गाठावा. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर व १५ ते २० सेंटिमीटर खोल छिद्रात गेलेले खत एकाच जागी दाट राहते, त्यामुळे त्याचे नायट्रेट सावकाश होते. युरियास निंबोळी पेंड ६:१ या प्रमाणात चोळण्यामागेही हाच उद्देश आहे. २०१५ पासून देशात तयार होणारा सर्व युरिया निंबोळी तेल लावूनच येतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, परंतु महिनाभर संततधार लागली तर तेलही काही करू शकत नाही. ठिबक असेल तर आठवड्याच्या अंतराने लहान हप्ते देणे सर्वांत चांगले. मातीतल्या पाण्यात एका वेळी जेवढे नत्र कमी, तेवढी गळती कमी.

भाताचे तंत्र उलटे आहे. चिखलणी केलेल्या खाचरात हवा नसते, त्यामुळे अमोनियम तसेच टिकते. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात, ती याच कारणाने उपयोगी पडते. खाचर वरचेवर सुकवून पुन्हा भरू नये. सुकताना नायट्रेट तयार होते आणि भरताना ते हवेत वा खाली जाते.

पाण्याची तपासणी करून घ्या

रानातील विहीर पिण्यासाठी वापरात असेल तर वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, नायट्रेटसाठी पाणी तपासावे. नमुन्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून घ्यावी, मोटार दहा मिनिटे चालू ठेवून मग ती काठोकाठ भरावी व त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. खताचे रिकामे पोते किंवा खताचे हात बाटलीला लागू देऊ नयेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत अशी तपासणी होते.

हाच अहवाल उसाच्या खतालाही उपयोगी पडतो. पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट निघाले तर ७५ मिलिमीटरच्या दहा पाळ्यांतून हेक्टरी सुमारे ७५ किलो नत्र त्या विहिरीतूनच रानात परत येते. पाळी हलकी दिली तर त्यातला मोठा भाग पिकाला मिळतो. तेव्हा माती परीक्षणाला जाताना विहिरीच्या पाण्याचा अहवालही बरोबर न्यावा आणि खताची मात्रा ठरविताना तो तज्ज्ञांपुढे ठेवावा.